पलटणीशी नातं टिकवायचं तर

निवृत्त जवानाचा पलटणीशी संबंध बहुतेकदा एखाद्या ओळखीच्या अधिकाऱ्यावर टिकून असतो. त्याची बदली झाली की धागा तुटतो. म्हणून संपर्क व्यक्तीशी नको, पदाशी जोडा. माजी सैनिकांची यादी पलटणीच्या कार्यालयातच असू द्या आणि दरवर्षी स्थापना दिनाच्या महिनाभर आधी फोन करून ती तपासा. नंबर बदललेले असतात, काही जण गेलेले असतात. अशा वेळी त्यांच्या पत्नीचं नाव यादीत घ्या; ते घरही पलटणीचंच आहे.

स्थापना दिनाच्या भेटीत भाषणं कमी ठेवा. टेबलावर जुने फोटो मांडा आणि एकेका ज्येष्ठाशेजारी दोन तरुण जवान बसवा. फोटोत कोण आहे, चौकी कुठली, त्या रात्री वायरलेस का बंद पडला, हे सगळं आपोआप निघतं. जवानांनी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, अलगद नावं लिहून घ्यावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. हे काम पुढच्या वर्षावर मुळीच ढकलू नका.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र पलटण सध्या कुठे आहे, कधी हलणार, हे कुणीही विचारू नये आणि सांगू नये. तिथे ख्यालीखुशाली, लग्नकार्य, आजारपण एवढंच.