भाज्यांचे छोटे धपाटे, आत चीज

माझ्या मेसवर जेवणारी बहुतेक पोरं नांदेड, बीड, धाराशिवकडून लातूरला क्लाससाठी आलेली. संध्याकाळी परतली की “काकू, चीजचं काहीतरी करा ना” हा लकडा ठरलेला. पावावर चीज किसून देणं सोपं आहे, पण तेवढ्यानं या वयातल्या पोरांचं पोट भरत नाही. म्हणून मी चीज धपाट्यात घालते. पुरीएवढा धपाटा, मधोमध दुमडलेला, हातात धरून खाता येईल असा. घरी पाहुणे आले तरी जेवणाआधी हेच पुढे ठेवते. अर्ध्या तासात दहा-बारा होतात.

पीठ ताजं दळलेलं हवं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहायची ताकद, जाते आणि धपाटा दुमडताना मोडतो. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून १ वाटी ज्वारीच्या पिठाला पाव वाटी कणीक आणि पाव वाटी बेसन घ्या. घरात जुनंच पीठ असेल तर त्यात आधी थोडं उकळतं पाणी घालून उलथन्यानं कालवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, गोळा चिकट होतो.

आता भाज्या. सगळी गंमत इथं आहे, घाई करू नका. एक गाजर किसून, अर्धी ढोबळी मिरची अगदी बारीक चिरून, मूठभर कोबी आणि तेवढीच कांद्याची पात. थंडीत मेथी स्वस्त असते, तेव्हा कोबीऐवजी मेथी घाला, जास्त चांगली लागते. हे सगळं परातीत घेऊन अर्धा चमचा मीठ चोळा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. मीठ भाजीतलं पाणी ओढून घेतं. मग मुठीत धरून घट्ट पिळा. निघालेलं पाणी वाटीत धरून ठेवा, पीठ त्यातच मळायचं आहे. न पिळता भाजी पिठात घातली तर मळताना गोळा छान वाटतो, पण पुढचे धपाटे थापेपर्यंत सैल होऊन हाताला चिकटायला लागतो. मग वरून पीठ लावत बसावं लागतं आणि धपाटा कोरडा होतो.

पिळलेल्या भाजीत लसूण, जिरं आणि हिरवी मिरची ठेचून घाला. हळद, चिमूटभर ओवा, चमचाभर तीळ, भरपूर कोथिंबीर. वेगळं मीठ घालू नका, भाजीच्या पाण्यात ते उतरलेलं असतं आणि चीजही खारटच असतं. पीठ घालून भाकरीच्या पिठापेक्षा किंचित सैल मळा.

चीजच्या चार क्यूब, म्हणजे १०० ग्रॅम, एवढ्याला पुरतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते किसणीला चिकटून बसतं, म्हणून आधी दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. मला साधं प्रोसेस्ड चीजच बरं वाटतं. मोझरेलाची तार सुटते खरी, पण गार झालं की ते चिवट होतं. पनीर इथं कामाचं नाही, ते वितळत नाही.

ओल्या सुती फडक्यावर लिंबाएवढा गोळा पातळ थापा. एरवी धपाट्याला तेल सोडायला बोटानं मधे भोकं पाडतो, इथं पाडू नका, चीज त्यातून तव्यावर उतरून करपतं. फडक्यासकट उचलून तापलेल्या लोखंडी तव्यावर उलटा टाका, फडकं अलगद सोडवा. आच मध्यम. कडेनं तेल सोडा. खालून तांबूस डाग पडले की उलटा, अर्ध्या भागावर चमचाभर चीज पसरा, कड बोटभर मोकळी ठेवा. झाकण ठेवून अर्धा मिनिट थांबा. वाफेनं चीज वितळतं आणि धपाटाही मऊ राहतो. मग लगेच दुमडून उलथन्यानं दाबा. गार झाल्यावर दुमडायला गेलात तर चिरणारच. दोन्ही बाजूंनी पुन्हा थोडा भाजला की वरचा पापुद्रा खुसखुशीत होतो.

सोबत सॉस मी ठेवत नाही. घट्ट दह्यात कारळाची चटणी कालवून द्या, चीजचा जडपणा त्यानं मोडतो.

माणसं जास्त असतील तर धपाटे आधीच दोन्ही बाजूंनी कच्चट भाजून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. त्यांना लागलेली वाफ फडक्यातच राहते, म्हणून ते वाळत नाहीत. मंडळी येऊन बसली की तवा तापवायचा, धपाटा गरम करून मऊ करायचा, चीज घालून झाकायचं आणि दुमडायचं. एका मोठ्या तव्यावर तीन-तीन निघतात.