गडद भिंतीच्या या चुका टाळा: चवथीआधी घर रंगवणाऱ्यांसाठी

गोव्यात घराला रंग देण्याचा मुहूर्त ठरलेला, चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी. म्हणजे ऐन जुलै-ऑगस्टात, बाहेर धो धो कोसळत असताना, हवेला हात लावला तर ओला होईल अशा दिवसांत. पांढरा किंवा क्रीम रंग असेल तर हे कसंबसं निभावतं. काळा, शाईसारखा निळा, बॉटल ग्रीन असा गडद रंग असेल तर निभावत नाही. मी हे फोंड्याच्या आमच्या घरी शिकलो. गणपती बसतो त्या मागची भिंत निळसर काळी केली. आईने आधी "देवामागे काळोख कशाला रे?" म्हणून नाक मुरडलं. संक्रांतीला काळी साडी चालते, मग भिंत का नाही, हा माझा युक्तिवाद. पेंटरने तर "चवथीआदीं सोंपयतां, भियेनाका" (चवथीआधी संपवतो, घाबरू नका) म्हणून अभय दिलं. सोंपयलंही. पण चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची आरास, बांधायला वर चढलो, खाली पाहिलं, तर जमिनीपासून वीतभर वर पांढऱ्या पिठाची रांगोळी उमटलेली.

तो लोणा. आमची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा सच्छिद्र, पाणी पितो. ते पाणी आतले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. पांढऱ्या रंगावर ते वर्षानुवर्षं येत होतं, फक्त आम्हाला दिसत नव्हतं. गडद रंगाने भिंत बिघडवली नाही, तिची चहाडी केली.

आमची दुसरी चूक म्हणजे तो लोणा ओल्या फडक्याने पुसला. पाण्यात मीठ विरघळून परत भिंतीत गेलं आणि चार दिवसांनी दुप्पट उत्साहाने बाहेर आलं. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली कागद घालून. आणि वरून रंगाचे कितीही हात मारण्याआधी पाणी येतं कुठून ते शोधायचं: फुटलेली पन्हळ, सरकलेलं कौल, पलीकडच्या न्हाणीघराचा गळका पाईप, की जोत्याशी साचणारं पावसाचं पाणी. आमच्याकडे पन्हळ निघाली.

भिंत ओली आहे का, हे हाताने कळत नाही. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा, एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली, रंग थांबवा. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली. नवा गिलावा असेल तर निदान 28 दिवस तरी त्याला हात लावू नका. पेंटर घाई करील, त्याला पुढचं घर धरायचं असतं. गडद भिंत करायचीच असेल तर मी तरी आता सरळ फेब्रुवारी-मार्च धरतो आणि चवथीला फक्त जाळी-जळमटं काढतो.

पावसातच करावं लागलं तर आणखी एक प्रकार दिसतो. भिंतीवरून चिकट, साबणासारखे ओघळ उतरतात. लोक घाबरून दुकानदाराशी भांडायला जातात. दमट हवेत इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात कालवलेला रंग, हळू सुकतं, त्यातली विरघळणारी द्रव्यं वर येतात, आणि गडद रंगावर ती उठून दिसतात. साध्या पाण्याने हलके धुतलं की जातात, एखाद्या वेळी परत येतात, पुन्हा धुवा. हे त्या मिठाच्या लोणासारखं नाही, इथे पाणी चालतं. दोन हातांमध्ये डब्यावर चार तास लिहिले असतील तर पावसात रात्र जाऊ द्या.

पुट्टीचं काम बघायची एक युक्ती सांगतो. रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटून आडवा धरा. प्रत्येक उंचवटा, पॉलिश पेपरचा प्रत्येक ओरखडा सावली टाकतो. तो दिसतोय तोवर रंगाचा डबा उघडू नका. चकचकीत फिनिश तर असले दोष अजूनच ओरडून सांगतं. मॅट दोष झाकतं, पण सोफ्याची पाठ किंवा मुलांचे हात जिथे घासतात तिथे कायमचे तुळतुळीत डाग पडतात. येण्याजाण्याच्या वाटेवर मधलं, साटनसारखं फिनिश घ्या.

पांढऱ्या प्रायमरवर थेट गडद रंग मारणं ही पैशाची नासाडी. प्रायमरमध्येच थोडा रंग मिसळून तो राखाडी करून घ्या. गंमत अशी की निव्वळ काळा दोन हातांत झाकतो, पण गडद मरून किंवा गडद निळा चार हात मागतो. हे रंग ज्या बेसमध्ये मिसळतात त्यात पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून खालचं दिसत राहतं. एका भिंतीचे सगळे डबे एकदमच आणा आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, नाहीतर भिंतीच्या मध्यावर छटा बदललेली दिसेल.

रंग निवडताना दुकानातल्या नखाएवढ्या चौकोनावर विसंबू नका. पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो घरात फिरवा, सकाळी, संध्याकाळी आणि दिव्याखाली. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली आमची भिंत दवाखान्यासारखी थंड दिसायची. 3000 केल्विनचे पिवळसर दिवे लावले आणि तीच भिंत मऊ झाली. आईचं मत तिथे बदललं.

बाहेरच्या पश्चिमेच्या भिंतीला काळा रंग नकोच. ऊन शोषून ती संध्याकाळी तव्यासारखी तापते, आणि रंगही लवकर विटतो. खिडक्यांचे गज, गेट काळे करा. पण किनाऱ्याजवळ घर असेल तर खारी हवा काळ्या रंगाखाली गंज चढवते आणि पापुद्रा फुगेपर्यंत पत्ता लागत नाही. गंज खरवडून, रेड ऑक्साइड प्रायमर लावून मगच काळा.

डाग पडला तर तेवढ्यापुरता ब्रश फिरवू नका, ठिगळ दिसतंच. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत एका दमात मारा. त्यासाठी रंगाचा नंबर हवा, आणि डबा तर भंगारात गेलेला असतो. आम्ही तो नंबर आता मीटरबोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलाय, पन्हळ बदलल्याच्या तारखेखाली.