लाभांश, अर्थसंकल्प आणि स्वतंत्र कंत्राटदार : या चुका टाळा

दरवर्षी १ फेब्रुवारीला केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला की नागपुरातील अनेक सीएंना एकच प्रश्न विचारला जातो : ‘आता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढावी का?’ विचारणाऱ्यांत मिहान या नागपुरातील औद्योगिक क्षेत्रामधील कंपन्यांना सेवा देणारे संगणक सल्लागार असतात, बांधकामाची संकल्पचित्रे करणारे अभियंते असतात आणि सार्वजनिक बांधकाम विभागाची कामे घेणारे नोंदणीकृत कंत्राटदारही असतात. कंपनीला २२ टक्के आणि व्यक्तीला ३० टक्के, एवढे दोनच आकडे बातमीतून त्यांच्या लक्षात राहिलेले असतात. नफ्याचा पैसा कंपनीच्या खात्यातून स्वतःच्या खात्यात कसा येणार, हा पुढचा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथेच आहे.

लाभांश करमुक्त असल्याचा समज

लाभांश म्हणजे कंपनीने भागधारकांना वाटलेला नफा. ३१ मार्च २०२० पर्यंत त्यावरचा लाभांश वितरण कर कंपनी भरत असे, अधिभार व उपकर धरून तो प्रत्यक्षात २०.५६ टक्के पडत असे, आणि भागधारकाच्या हाती दहा लाखांपर्यंतचा लाभांश करमुक्त येत असे. २०२० च्या वित्त कायद्याने ही पद्धत बंद केली. तेव्हापासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि त्याच्या टप्प्याच्या दराने त्यावर कर लागतो. हा बदल होऊन कित्येक वर्षे लोटली, तरी जुना समज अजून सुटलेला नाही.

आकडेच पाहू. एखाद्या सल्लागार अभियंत्याची वर्षाची जमा ४० लाख रुपये आहे, ती सगळी बँकेतून आली आहे आणि प्रत्यक्ष खर्च २० लाखांचा आहे, असे समजा. व्यक्ती म्हणून कलम ४४एडीएखाली (ठरावीक व्यावसायिकांसाठीची अनुमानित उत्पन्नाची योजना, जिच्यात खर्चाचा हिशेब न मांडता जमेचा ठरलेला हिस्सा उत्पन्न धरतात) त्याने निम्मी जमा, म्हणजे २० लाख रुपये, उत्पन्न म्हणून दाखवली, तर २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत उपकरासह २,०८,००० रुपये कर येतो. तेच काम कंपनीमार्फत केले आणि २० लाखांचा पूर्ण नफा लाभांश म्हणून काढला, तर आधी कंपनीला अधिभार व उपकरासह २५.१६८ टक्के दराने ५ लाखांहून थोडा अधिक कर भरावा लागतो, आणि उरलेल्या सुमारे १४ लाख ९७ हजारांवर त्याला स्वतःला आणखी १ लाख ८ हजारांच्या आसपास कर पडतो. दोन्ही मिळून रक्कम सहा लाखांच्या वर जाते.

तेच २० लाख कंपनीकडून पगार म्हणून घेतले तर तो कंपनीचा खर्च ठरतो आणि ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळून वैयक्तिक कर १,९२,४०० रुपयांवर येतो. म्हणजे कंपनी काढणे ही मुळात चूक नव्हे. चूक आहे ती पैसा लाभांशाच्या वाटेने काढण्याची. मात्र प्रत्येक कंपनीला वैधानिक लेखापरीक्षण आणि वार्षिक विवरणे सक्तीची असतात, आणि वाचलेले पंधरा हजार त्यातच खर्ची पडतात. भागीदार आणण्याची किंवा दायित्व मर्यादित ठेवण्याची खरी गरज नसेल, तर एकट्याने काम करणाऱ्या सल्लागाराने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शासकीय बांधकाम कंत्राटदाराला ४४एडीए लागूच होत नाही. त्याच्यासाठी व्यापार-धंद्यांच्या अनुमानित उत्पन्नाचे कलम ४४एडी आहे आणि त्याचे दर व मर्यादा वेगळ्या आहेत.

कर टाळण्यासाठी काही जण लाभांश जाहीर न करता कंपनीकडून ‘उसने’ घेतात आणि त्यातून घर बांधतात. मोजक्या लोकांच्या मालकीच्या कंपनीत ज्याच्याकडे १० टक्के किंवा अधिक मताधिकार आहे, त्याला दिलेले असे कर्ज संचित नफ्याच्या मर्यादेपर्यंत कलम २(२२)(ई) नुसार लाभांशच मानले जाते. पैसे परत केले तरी हा शिक्का पुसला जात नाही. शिवाय वर्षभरात १०,००० रुपयांवर लाभांश दिला की तुमच्याच कंपनीलाही तुमच्या लाभांशातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापावा लागतो, हे अनेकांच्या गावीही नसते.

बारा लाखांची रेषा

२०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ‘पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य घरोघरी पोहोचले. परंतु त्यातले ७५ हजार पगारदारांच्या प्रमाणित वजावटीचे आहेत. स्वयंरोजगार करणाऱ्यासाठी रेषा १२ लाखांवरच आहे, आणि लाभांशही त्याच बेरजेत येतो. ४४एडीएखालील उत्पन्न ११ लाख ८० हजार आणि शेअर बाजारातल्या कंपन्यांचा लाभांश ५० हजार असेल, तर एकूण उत्पन्न १२ लाख ३० हजार होते आणि सीमांत सवलत (रेषेवरच्या उत्पन्नापेक्षा कर जास्त होऊ न देणारी) धरूनही ३१,२०० रुपये कर द्यावा लागतो. बँकेत जमा झालेली रक्कम टीडीएस वजा होऊन आलेली असू शकते. विवरणपत्रात मात्र पूर्ण लाभांश दाखवावा लागतो. आयकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) तो तसाच नोंदलेला असतो, त्यामुळे तफावत लगेच उघडी पडते.

तरतूद आणि हातात आलेला पैसा

राज्याच्या अर्थसंकल्पाची चूक निराळी. डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या मंजूर झाल्या की आपले थकीत बिल आता निघणार, असे धरून कंत्राटदार सिमेंट-लोखंडाची उधारी वाढवतात. तरतूद मंजूर होणे, निधी विभागाला वितरित होणे आणि बिल प्रत्यक्ष अदा होणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि त्यांच्यात कित्येक महिने जाऊ शकतात.

कंपनी असेल तर अडचण दुप्पट होते. व्यक्तीला रोख पद्धतीने, म्हणजे पैसे हाती आल्यावरच उत्पन्न धरून, हिशेब ठेवता येतो; कंपनीला उपार्जन पद्धत, म्हणजे येणे झाले की उत्पन्न धरणे, सक्तीची आहे; म्हणून न मिळालेल्या बिलाचाही नफा ताळेबंदात दिसतो आणि जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्चच्या १५ तारखांना त्यावर आगाऊ कर भरावा लागतो. अनुमानित उत्पन्नाची योजना घेणाऱ्या व्यक्तीला मात्र १५ मार्चचा एकच हप्ता असतो. अशा कागदी नफ्यावर लाभांश जाहीर करणे तर निव्वळ अविचार आहे, कारण जाहीर झालेली रक्कम पाच दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते आणि तीस दिवसांत द्यावी लागते. बिल मंत्रालयात अडकले होते, ही सबब तिथे चालत नाही.

विवरणपत्राच्या नमुन्याबाबत एवढेच लक्षात ठेवावे : कोणत्याही कंपनीचे संचालक असाल किंवा सूचिबद्ध नसलेल्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे असतील, तर अनुमानित उत्पन्नासाठीचा सोपा नमुना आयटीआर-४ भरता येत नाही. व्यवसायाचे उत्पन्न असेल तर आयटीआर-३ घ्यावा. वर दिलेली कलमे १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होत असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. २०२५-२६ चे विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्याने भरायचे आहे.