डोळे आले? आधी हात धुवा, मग ड्रॉप्सचं बघू

पावसाळ्यात लोकलची ओली कडी धरायची आणि त्याच हाताने डोळा चोळायचा. डोळ्यांची साथ अशीच घरात येते. नुसतं बघितल्याने डोळे येत नाहीत; हात, टॉवेल, उशीचा अभ्रा यांतून येतात. २०२३च्या जुलैमध्ये राज्यभर साथ पसरली, तेव्हा आमच्या दोन खोल्यांत एकाच दोरीवर चार टॉवेल एकमेकांना चिकटून वाळत होते. आधी ते वेगळे केले.

डोळा लाल, पाणी गळतंय, वाळू गेल्यासारखं खुपतंय, तर बहुतेक वेळा व्हायरस असतो. तो आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो, अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून पापण्या पुसा, प्रत्येक डोळ्याला नवा बोळा घ्या. सकाळी पिवळट चिपडांनी पापण्या चिकटत असतील तर बॅक्टेरिया असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. दोन्ही डोळ्यांना नुसती खाज आणि सोबत शिंका असतील तर अ‍ॅलर्जीची शक्यता जास्त.

कळकळीने सांगते, मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइडचे ड्रॉप्स परस्पर आणू नका. लाली पटकन उतरते, पण आत बुबुळावर नागीण (हर्पिस व्हायरसचा संसर्ग) किंवा जखम असेल तर ती चिघळते. गुलाबपाणी, मध, दूधही नको.

डोळा ठणकतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरता? लेन्स काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. तान्ह्या बाळाचा डोळा लाल झाला तरी तसंच.