वळवाच्या रात्री मूकपट कसे पाहावेत

वळीव कोल्हापुरात सांगून येत नाही. दुपारभर अंग भाजून निघतं, संध्याकाळी धुरळा उठतो, पत्रे वाजायला लागतात आणि बघता बघता लाईट जाते. अशा वेळी बोलपट लावून फायदा नाही, पत्र्यावरच्या पावसात संवाद ऐकूच येत नाहीत. मूकपटाला ती अडचणच नाही.

सिनेमे आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा. ढग दाटले की लॅपटॉप चार्जिंगला लावा. गडगडायला लागलं की चार्जर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स सगळ्यांचे प्लग काढा आणि बॅटरीवरच बघा.

प्रत मात्र पारखून घ्या. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर काढलेली ही चित्रं चुकीच्या वेगाने चालवली की माणसं तुरुतुरु पळतात. जुना विनोद म्हणजे नुसती पळापळ, हा गैरसमज अशाच प्रतींनी करून दिलाय.

सुरुवात मूकपटांच्या काळातला अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटन याच्या ‘वन वीक’पासून (१९२०) करा. वीसेक मिनिटांचाच आहे. नवं जोडपं सुट्या भागांचं घर जोडतं, ते वाकडंतिकडं उभं राहतं आणि नेमकं पाहुणे जमल्यावर वादळात गरगर फिरायला लागतं. पोरं इथेच पकडीत येतात.

मग चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’. १९४२ मध्ये त्याने यावर स्वतःच्या आवाजात निवेदन चढवलं. आपण १९२५ चीच प्रत लावायची. चार्ली झोपडीबाहेर पडायला बघतो आणि समोरच्या वाऱ्याने पाय चालत राहतात, माणूस जागचा हलत नाही, तिथे नीट लक्ष द्या. बूट उकडून खातो तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता, हे पोरांना नंतर सांगा.

शेवटी कीटनचा ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ (१९२८). मूळ बेत पुराचा होता; पण १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला, म्हणून पुराचं वादळ केलं. पंचगंगेचं पाणी बघितलेल्यांना त्याचं कारण सांगावं लागत नाही. यात घराची अख्खी भिंत कीटनवर कोसळते आणि खिडकीच्या मोकळ्या चौकटीतून तो उभाच्या उभा वाचतो. भिंत खरी, माणूस खरा. तेवढा तुकडा दोनदा बघाच.

मधल्या इंग्रजी पाट्या कुणीतरी मोठ्याने मराठीत सांगाव्यात, आजीसाठी जरा तिखटमीठ लावून. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवून ‘सैरंध्री’ काढला, त्या काळात थिएटरात पडद्यापुढे पेटी-तबला वाजायचा. घरात पेटी असेल तर लॅपटॉपचा आवाज बंद करा आणि वाजवा. सूर चुकला तरी पाऊस झाकून घेतो.

राहिलं खाणं. भजीचा मोह टाळा. बोलपट स्वयंपाकघरातून कानाने तरी कळतो, मूकपटात तळणारीचा अख्खा सिनेमाच बुडतो. भडंग दुपारीच करून डब्यात भरून ठेवा.