ताफ्यातील नॅव्हिगेटरचा लॉग: पुण्यात करता येईल असा सराव

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडहून जर्मनीकडे जाणारी अमेरिकन बी-17 बाँबफेकी विमाने दाटीने, ताफ्यात उडत असत आणि वाट ठरवण्याचे काम मुख्यतः आघाडीच्या विमानातील नॅव्हिगेटरकडे असे. तरीही मागच्या प्रत्येक नॅव्हिगेटरला आपला लॉग, म्हणजे वेळ, दिशा आणि वेग यांची नोंदवही, ठेवावाच लागे, कारण इंजिन बंद पडून विमान मागे राहिले, की परतीची दिशा त्यालाच सांगावी लागे. हे काम किती अवघड होते, ते हाताने केल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात कागदावरच, पुणे ते नागपूर अशा कल्पित उड्डाणाने करावी. सरळ अंतर सुमारे 620 किलोमीटर आहे आणि उत्तरेपासून उजवीकडे मोजलेली दिशा सुमारे 62 अंश. विमानाचा हवेतील वेग ताशी 360 किलोमीटर धरावा. 25,000 फुटांवरील विरळ हवेत वेगमापक ताशी 240 दाखवत असताना खरा वेग साधारण इतका असे. वारा उत्तरेकडून, ताशी 60 किलोमीटर.

1 सेंटिमीटर म्हणजे ताशी 40 किलोमीटर असे प्रमाण घेऊन कागदावर पुण्याचा बिंदू मांडावा आणि त्यातून 62 अंशांची रेषा काढावी. त्याच बिंदूपासून दक्षिणेकडे दीड सेंटिमीटरची वाऱ्याची रेषा काढावी. वाऱ्याच्या टोकावर कंपासचे टोक रोवून 9 सेंटिमीटर त्रिज्येचा कंस मारावा. तो पहिल्या रेषेला जिथे छेदेल, तिथपर्यंत वाऱ्याच्या टोकापासून काढलेली रेषा म्हणजे विमानाचा रोख, विमानाचे नाक ठेवायची दिशा. तो जवळजवळ 54 अंश येतो. पुण्यापासून छेदबिंदूपर्यंतचे 8.2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील वेग, ताशी 328 किलोमीटर; नागपूरला 113 मिनिटे लागतील. वारा न धरता 62 अंशांवरच उडत राहिल्यास तासाभरात विमान ठरलेल्या रेषेपासून सुमारे 53 किलोमीटर उजवीकडे सरकते.

1 एप्रिल 1944 रोजी लुडविग्सहाफेनला निघालेली अमेरिकन विमाने खराब हवामान आणि जोरदार वाऱ्यांत भरकटली, आणि तेथून सुमारे 200 किलोमीटर दूर, तटस्थ स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेनवर त्यांनी बाँब टाकले. 40 माणसे मेली. त्रिकोण काढताना हे मला दर वेळी आठवते.

खरी अडचण यापुढची आहे. ताफ्यात वैमानिकाची नजर शेजारच्या विमानावर खिळलेली असते, तो सतत थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे सरकत असतो, त्यामुळे होकायंत्राचा काटा कधीच स्थिर राहत नाही. म्हणून ठरावीक अंतराने रोख आणि वेग लिहून सरासरी काढावी लागे आणि प्रत्येक वळणाची वेळ वेगळी नोंदवावी लागे.

याचा सराव स्वारगेटहून निगडीला जाणाऱ्या पीएमपीच्या बसमध्ये उत्तम होतो, कारण तिथेही चाक आपल्या हातात नसते. शक्य असल्यास चालकाच्या मागची जागा घ्यावी, म्हणजे वेगमापक दिसतो. दर दोन मिनिटांनी वेळ, होकायंत्राची दिशा आणि वेग वहीत लिहावा. थांब्यावर गेलेली मिनिटे वेगळी धरावीत. बसच्या लोखंडामुळे होकायंत्र चुकते, तेव्हा आधी एखाद्या सरळ रस्त्यावर, नकाशावरून त्याची दिशा मोजून, ही चूक किती अंश आहे ते ठरवावे आणि साधारण त्याच दिशेच्या पुढच्या नोंदींतून ती वजा करावी. निगडीला उतरेपर्यंत फोनवरील नकाशा उघडू नये. उतरल्यावर वहीतील नोंदींवरून कागदावर आपली जागा काढावी आणि मगच ती नकाशाशी ताडून पाहावी.