सूट बंद होण्याआधी: स्पेसवॉकची शौच-लघवीची तयारी

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अमेरिकी सूट घालून बाहेर पडायचं असेल, तर तयारी आदल्या रात्रीच्या जेवणापासूनच धरावी. पोटाला हलकं, सवयीचं तेच खावं. सकाळी शौचाला पुरेसा वेळ द्यावा, कारण सूटमध्ये त्याची वेगळी सोय नाही.

लघवीला मात्र घड्याळ बघून जावं. वजनरहित अवस्थेत ती मूत्राशयाच्या तळाशी साठत नाही, त्यामुळे मूत्राशय जवळजवळ भरेपर्यंत जाणीवच होत नाही.

अंगावर सर्वांत आधी डायपर चढतो. त्यातली सोडियम पॉलिअॅक्रिलेटची पूड लघवीचं जेल करते आणि साधारण २ लिटरपर्यंत धरून ठेवते. जांघेत कड दुमडली असेल तर आत्ताच सरळ करावी. त्यावर थंड पाण्याच्या नळ्यांचा आतला पोशाख, त्यावर सूट. एकदा हातमोजे आणि हेल्मेट बसलं की तिथे हात पोचणार नाही. बाहेरचं काम ६ ते ८ तासांचं, पण त्याआधी बंद सूटमध्ये शुद्ध ऑक्सिजन घेऊन शरीरातला नायट्रोजन घालवण्यातही वेळ जातो. तोही हिशेबात धरावा.

हा हिशेब चुकला की काय होतं, ते ५ मे १९६१ ला अवकाशात जाणारे पहिले अमेरिकी ॲलन शेपर्ड यांना भोगावं लागलं. उड्डाण १५ मिनिटांचं, म्हणून लघवीची सोयच नव्हती. प्रक्षेपण लांबत गेलं, चार तासांहून जास्त वेळ ते यानात उताणे अडकले, आणि शेवटी अंगावरच्या वैद्यकीय संवेदकांची वीज बंद करून सूटमध्येच लघवी करावी लागली.

छातीशी जवळजवळ १ लिटर पाण्याची पिशवी बसवावी; तिची नळी मान वळवून तोंडात येते का, पाहावं. डायपर नको म्हणून पाणीच न पिणं मला धोक्याचं वाटतं. जड सूटमध्ये हातांनी तासन्‌तास काम करणाऱ्याला तहानलेलं राहून चालत नाही. डायपर वापरायलाच घातलेला असतो, त्यात संकोच नको.

हेल्मेटमध्ये डोक्यामागचा शोषक पॅडही तपासावा. जुलै २०१३ मध्ये स्पेसवॉक करताना इटालियन अंतराळवीर लुका पार्मितानो यांच्या हेल्मेटात पाणी भरलं तेव्हा आधी संशय या पिण्याच्या पिशवीवरच गेला होता. गळती निघाली थंडाव्याच्या यंत्रणेत.

परतल्यावर लागणारे ओले रुमाल, कोरडे कपडे आणि डायपर बंद करायची पिशवी निघण्याआधीच हाताशी ठेवावी.